भाऊसाहेबांसाठी आणलेला सोफा

मॅडमनी मला कामावर घेतलं ते माझं इंग्रजी चांगलं आहे म्हणून. त्यांची संस्था अपंगांसाठी काम करते. मॅडम 'अपंग' म्हणत नाहीत, 'दिव्यांग' म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात, जसा आपण आजारी माणसाच्या खोलीत गेल्यावर आणतो. मी देणगीदार कंपन्यांसाठी इंग्रजी अहवाल लिहायचे, असं ठरलं होतं. महिन्याभरात तिथला अर्ज भरून देणारा माणूस दुसरी नोकरी लागून गेला आणि मॅडम म्हणाल्या, "तूच बस त्या टेबलावर. तू शांत आहेस, त्यांना बरं वाटेल." मी शांत नाही. मला बोलायची भीती वाटते. हा फरक कळण्याइतकं लक्ष मॅडम कुणाकडेच देत नाहीत.

ते टेबल पहिल्या मजल्यावर होतं. जुन्या पनवेलमधली इमारत, लिफ्ट नाही, आणि जिना इतका अरुंद की वरून माणूस येत असला तर खालच्यानं थांबायचं. अपंगांसाठीची संस्था जिन्याच्या टोकाला. मी एकदा हळूच विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "टेम्पररी आहे गं." बाहेरच्या बोर्डाला तोवर दोनदा नवा रंग देऊन झाला होता.

म्हणून मी खाली बसायला लागले. इमारतीच्या तळाशी झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या बाहेर एक बाक आहे. दुकानदार म्हणाला, "बसा ना ताई, तुमच्या लोकांवरच तर माझं मशीन चालतंय." खरंच होतं ते. एका निराधार अनुदानाच्या अर्जाला आधार कार्ड, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, बँकेचं पासबुक, आणि सगळ्याच्या दोन दोन प्रती लागतात. ज्याला चालता येत नाही त्यालाच तहसील कार्यालयात सगळ्यात जास्त खेपा घालायला लावतात. तिथली खिडकी उभ्या माणसाच्या छातीइतकी उंच आहे. जमिनीवरून सरकत आलेल्या माणसाचा आतल्या कारकुनाला फक्त हात दिसतो आणि हातातला कागद. कारकून कागद घेतो, कागदाशी बोलतो, कागद परत देतो.

माझ्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. त्यामुळे 'त्रुटी' हा शब्द मी पहिल्यांदा त्या खिडकीवर ऐकला, एका परत आलेल्या अर्जाबद्दल. घरी जाऊन बाबांना अर्थ विचारला. नंतर तो रोजच भेटला. नावात एक अक्षर कमी, त्रुटी. फोटोत डोळे मिटलेले, त्रुटी. एका आंधळ्या आजोबांचा अर्ज याच कारणासाठी परत आला होता. मी तो मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "सो सॅड," आणि विचारलं, अहवालात घालता येईल का.

मॅडम खारघरला एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसांना त्या 'आपली मुलं' म्हणतात. एका कंपनीचे लोक बघायला येणार होते तेव्हा त्यांनी आदल्या वर्षी वाटलेल्या तीनचाकी सायकली परत मागवल्या, पुसल्या, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या, आणि त्याच माणसांना पुन्हा वाटल्या. एकजण हार सावरत म्हणाला, "मॅडम, हिचा ब्रेक लागत नाय." मॅडम कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हो हो, हसा."

मी त्या फोटोंखाली इंग्रजीत ओळी लिहिल्या. पगार घेत होते.

जिला मी पुढे ताई म्हणायला लागले, ती याच दिवसांत आली. आपट्याच्या बाजूच्या गावातली, पाताळगंगेच्या काठची. वय अडतीस. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. हातांत रबरी स्लिपर घालून ती जमिनीवरून सरकत चालते, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरीच भरभर. तिच्या भावाची तीनचाकी रिक्षा आहे, त्यातून तो तिला घेऊन आला होता. तिनं मला बाकावर बघितलं, माझ्या हातातला फॉर्म बघितला, आणि मी काही बोलते का म्हणून वाट बघितली. मी बोलले नाही. मी फक्त 'नाव' असं लिहिलेल्या जागेवर पेन ठेवलं.

"मुकी हाय का ही?" तिनं झेरॉक्सवाल्याला विचारलं.

"नाय, नाय. बोलतात त्या. जरा कमी."

"मंग बरं हाय. माजे पाय नाय, हिची जीभ नाय. दोगींचा अर्ज एकदमच भरू."

झेरॉक्सवाला इतका हसला की त्याच्या हातातले कागद खाली पडले. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या बाकावर माझ्याशी कुणी गंमत करण्याची ती पहिलीच वेळ होती. बाकीचे सगळे मला 'मॅडम' म्हणायचे आणि मी कुणीतरी मोठी अधिकारी आहे अशा नजरेनं बघायचे.

तिला अनुदान कशाला हवं होतं ते तिनं अर्ज भरता भरताच सांगितलं. घर भावाचं. त्यातल्या मागच्या खोलीत ती राहते, तिथंच हातानं फिरवायच्या मशीनवर शेजारणींचं फाटलंतुटलं शिवते. आता न्हावा शेव्याच्या बाजूला कामाला जाणारी पोरं गावात खोल्या शोधत होती, आणि भावजयीच्या मनात होतं की मागची खोली त्यांना भाड्यानं द्यावी. ताईनं पडवीत झोपावं.

"पडवीत काय वाईट नाय," ताई म्हणाली. "पन पडवीला दार नाय. मी सरकत सरकत कपडे बदलायला कुटं जाऊ? आनि घरात चार परके बाप्ये."

भाऊ रिक्षात बसून ऐकत होता. वाईट माणूस नव्हता, बायकोपुढे मवाळ होता. तो म्हणाला, "हिच्या नावानं महिन्याला काय थोडं जरी आयलं ना, तरी मला घरात बोलायला तोंड राहील. ती बोलते, तुजी बहीण फुकट ऱ्हाते. मंग मी काय बोलू?"

एवढंच होतं. अनुदान मंजूर झालं तर खोली राहणार, नाही तर पडवी. मी अर्ज दोनदा तपासला. डोळे उघडे असलेला फोटो लावला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र ऐंशी टक्क्यांचं होतं. या अर्जात त्रुटी निघणार नाही अशी माझी खात्री होती, आणि खिडकीवर ती निघालीही नाही.

मग चौकशी आली. अर्जदार खरोखर निराधार आहे का हे बघायला तलाठी घरी जातो. गावात त्याला कुणी तलाठी म्हणत नाही, भाऊसाहेब म्हणतात. ताईच्या गावचे भाऊसाहेब ओळखीचे निघाले म्हणून मॅडमनी स्वतःहून फोन केला, वार ठरवला, आणि मला सांगितलं की घरच्यांना कळव. मी फोन लावला. भावजयीनं उचलला. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "गुरुवारी भाऊसाहेब चौकशीला घरी येणार आहेत, तुम्ही सगळे घरी राहा." ती म्हणाली, "बरं बाय." मी फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं, कारण बोलणं संपलं होतं.

आणखी चार वाक्यं बोलायला हवी होती. ती मी बोलले नाही, आणि हे मी कुणाच्या माथी मारू शकत नाही.

गुरुवारी मॅडमच्या गाडीतून आम्ही गेलो. घर दिसलं. अंगणात शेणाचा सडा, त्यावर रांगोळी. दारासमोर मोठी पांढरी गाडी उभी. आत तपकिरी रंगाचा, अजून प्लॅस्टिक न काढलेला सोफा. कोपऱ्यात फ्रिज, त्यावर फुलदाणी. खिडक्यांना नवे फुलाफुलांचे पडदे. आणि मध्ये खुर्चीवर, जरीच्या साडीत, गळ्यात ठसठशीत सोन्याचा हार घालून ताई. तिच्या केसांत गजरा होता. ती माझ्याकडे बघून हसली. इतकी छान दिसत होती की मला तिच्याकडे बघवेना.

गाडी शेजाऱ्याची होती. सोफाही त्याचाच, त्याच्या मुलाच्या लग्नासाठी नुकताच घेतलेला. सहा माणसांनी तो उचलून आणला होता. फ्रिज पलीकडच्या घरातला, आणि त्याची वायर कुठेच लावलेली नव्हती. हार भावजयीचा. जी बाई ताईला पडवीत घालायला निघाली होती तिनं आपल्या गळ्यातला हार काढून तिला घातला होता, कारण सरकारी साहेब घरी येणार आणि आपल्या घरातलं माणूस उघड्या गळ्यानं बसलेलं त्याला दिसणार, हे तिला सहन होणारं नव्हतं. त्या गावात घरात परका मोठा माणूस येतो तो मुलगी बघायला किंवा मत मागायला. दोन्ही वेळी घर असंच मांडतात. ताईला बघायला अडतीस वर्षांत कुणी आलं नव्हतं. घर मांडायची ही तिच्या वाट्याची पहिली वेळ होती.

भाऊसाहेब आले, सोफ्यावर बसले. प्लॅस्टिक कुरकुरलं. त्यांना पाणी, मग थंड पेय, मग जेवण. तांदळाची भाकरी आणि जिताडं. जिताडं म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा, तो पाहुणा बघून आणतात. भाऊनं पहाटे जाऊन खाडीवरून आणला होता. भाऊसाहेबांनी तुकडीमागून तुकडी खाल्ली, बोटं चाटली, काटे ताटाच्या कडेला नीट रचून ठेवले. मॅडमनी दोन तुकड्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "इतकं ऑथेंटिक!" मी पाणी पीत राहिले. मला सगळं कळत होतं. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं, की हे काही यांचं नाही. पण यजमानीण समोर उभी राहून वाढत असताना 'हा फ्रिज तुमचा नाही' हे कसं म्हणायचं, ते मला दोन्ही भाषांत माहीत नव्हतं.

भाऊसाहेबांनी हात धुतले, ढेकर दिला, आणि मांडीवर फाइल घेतली.

तीन आठवड्यांनी खिडकीवरून कागद मिळाला. 'अर्जदार सुस्थितीतील कुटुंबात राहत असून घरी चारचाकी वाहन, फ्रिज, फर्निचर व अंगावर सुवर्णालंकार आढळून आले. सबब अर्जदार निराधार नाही.' जिताड्याचा उल्लेख नव्हता. तेवढं ते खाऊन विसरले होते.

मॅडम माझ्यावर रागावल्या. "तू ब्रीफ करायला नको का त्यांना? गरीब दिसायला काय लागतं?" हे वाक्य म्हणताना त्या हातातला फोन बघत होत्या. त्यावर त्या दिवशीचा त्यांचा फोटो होता, ताई, मॅडम आणि मागे सोफा. तो त्यांनी तेव्हाच सगळीकडे टाकला होता.

मी फोन न करता बसनं आपट्याला उतरून त्यांच्या घरी गेले आणि भावजयीला कागद वाचून दाखवला. ती उंबऱ्यात बसून ऐकत होती.

"मंग पयलं सांगायचंस ना बाय," ती म्हणाली. "आमी काय समजलो? साहेब घरात येतोय, त्याला काय फुटकी बशी दाखवायची? आमाला काय लाज नाय?"

"फुटकी बशीच दाखवायची होती," मी म्हणाले. त्या घरातलं माझं पहिलं पूर्ण वाक्य ते होतं.

आतून ताई ओरडली, "बोलली! अगो बोलली ती!"

मॅडमनी पुन्हा फोन फिरवला आणि फेरचौकशी मिळाली. या वेळी मी सगळं सांगितलं. रांगोळी नको, जेवण नको, चहासुद्धा काळा. गळा मोकळा. भावजयीनं ते ऐकताना असं तोंड केलं जणू मी तिला अंगणात भीक मागायला बसवते आहे. एका अर्थानं तेच करत होते. या कामात मी काय शिकले असं कुणी विचारलं तर हेच. पायांची टक्केवारी डॉक्टर देतो, पण लाजेची टक्केवारी घरी येऊन मोजतात, आणि ती शून्यावर आली की मग माणूस पात्र.

ताईनं सगळं ऐकलं, एक सोडून. मागच्या खोलीच्या खिडकीचा पडदा काढायला ती तयार झाली नाही. "पुढचे काढा, त्यो सोफावाल्याच्या लग्नाचा उरलेला कपडा हाय. पन मागचा माज्या खोलीचा हाय. मी जुन्या साड्या जोडून शिवलाय. तिकडून रस्ता दिसतो, रस्त्याला मी दिसते." मलाही वाटलं, एका पडद्यानं काय होणार.

भाऊसाहेब आले. मॅडम आणि मी आधीच पोचलो होतो. सोफ्याच्या जागी सतरंजी बघून भाऊसाहेब थोडे हिरमुसले, ते लपलं नाही. स्वयंपाकघराकडेही त्यांनी एकदा बघितलं. मग मागची खोली दाखवा म्हणाले आणि दारात उभे राहिले. मशीन बघितलं. पडदा बघितला. बोटांनी त्याची शिवण चाचपली.

"कुणी शिवला?"

"मी," ताई म्हणाली. आवाजात कौतुकाची वाट बघणं होतं.

"बाहेरची कामं पण घेता?"

"शेजारचे फाटलेले परकर-बिरकर. त्याचा कोन पैसा देतो? कोन मासळी देतो, कोन वांगी."

"म्हणजे व्यवसाय आहे." त्यांनी पेन काढलं. "उत्पन्नाचं साधन आहे."

"भाऊसाहेब, घर भावाचं हाय. माज्या नावावर काय नाय. तुमी मला बगायला आयलाव ना, मंग मला बगा," ताई म्हणाली. "हा उत्पन्नाचा दाखला तुमच्याच हापिसातून आनलाय, त्याच्यावर काय लिवलंय त्ये वाचा."

ते लिहीत होते. मान वर केली नाही. भाऊ म्हणाला, "साहेब, ती बरोबर बोलते." तरी नाही. मॅडम म्हणाल्या, "भाऊसाहेब, जरा ॲडजस्ट करा ना, आपलीच मुलगी आहे," आणि त्यावर ते थोडंसं हसले, पण पेन चालूच. ताई माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. तिच्या मागे ती खोली होती, जेमतेम आठ पावलांची असेल, आणि ती खोली तिच्या हातची जात होती.

मला मराठीत एकही शब्द सुचला नाही. घाबरले की माझं असंच होतं, शाळेतलं तोंड उघडतं. मी म्हणाले, "सर, धिस इन्क्वायरी इज अबाउट हर, नॉट हर ब्रदर्स हाउस. शी हॅज नो इन्कम. युअर ओन ऑफिस हॅज सर्टिफाइड इट. प्लीज शो मी द रूल यू आर रायटिंग अंडर." शेवटचा शब्द जवळजवळ गिळला.

पेन थांबलं. भाऊसाहेबांनी मला पायांपासून वरपर्यंत बघितलं. तोवर त्यांच्या लेखी मी मॅडमच्या मागून येणारी कुणीतरी होते. "मॅडम," ते मला म्हणाले, मला, "तसं नाही हो. आम्ही फक्त नोंद घेतो. तुम्ही कुठल्या, म्हणजे ऑफिसकडून…?" मी उत्तर दिलं नाही, कारण दुसरं वाक्य माझ्याकडे नव्हतंच. गप्प बसणं त्यांना धमकीसारखं वाटलं असावं. त्यांनी ओळ खोडली, वर सही केली, खाली लिहिलं, 'अर्जदारास स्वतःचे उत्पन्नाचे साधन नाही. शिफारस करण्यात येते.' जाताना त्यांनी मला नमस्कार केला. ताईला नाही.

त्या क्षणाइतका तिरस्कार मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. त्यांनी अडवलं म्हणून नाही. सोडलं म्हणून. नियम तोच होता, दाखला तोच होता, बाईही तीच. मॅडम गाडीत बसताना म्हणाल्या, "बघितलंस? इंग्लिशचा उपयोग होतो," आणि त्यांना खरोखर आनंद झाला होता.

मी चपला घालत होते तेवढ्यात ताई सरकत पडवीत आली.

"काय बोलली गो तू त्याला? शिव्या घातल्या का?"

"नाही."

"मंग?"

मी मराठीत सांगितलं. चौकशी हिची आहे, घराची नाही. हिला उत्पन्न नाही. तुमच्याच ऑफिसचा दाखला आहे.

"येवढंच?" ती म्हणाली. "त्ये तर मी मगाशी बोलली."

"हो."

"तेच्च."

"हो ताई."

ती हसली नाही. हातातल्या स्लिपरा एकमेकींवर आपटून तिनं माती झटकली. "आमाला मराठी शाळेत घातलं," ती म्हणाली, "तेबी तिसरीपर्यंत," आणि आत गेली.

अनुदान समितीच्या पुढच्या बैठकीत तिचं नाव यादीत लागलं. खोली तिच्याकडे राहिली. भाड्यानं खोली शोधणाऱ्या पोरांना भावजयीनं दुसऱ्या आळीत जागा बघून दिली. मी अजून त्याच बाकावर बसते. खिडकीवर काम अडलं की आता मी पुढे होते आणि इंग्रजीत बोलते. मुद्दाम, सावकाश, चढ्या आवाजात. कारकून लगेच उठून उभा राहतो. माझ्याशेजारी जमिनीवर बसलेला माणूस तेव्हा माझ्याकडे कौतुकानं बघतो, आणि मला त्याच्याकडे बघता येत नाही.